सिरियस आहे, निघा

माझ्या आईचे दोन धंदे होते. पहिला बांगड्यांचा. देवळाली प्रवऱ्याच्या आसपासच्या वस्त्यांवर, उसाच्या बांधाबांधानं ती पायी फिरायची. डोक्यावर पाटी, खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. दुसरा धंदा सांगाव्याचा, आणि त्याचा तिनं कधी एक पैसा घेतला नाही. एका वस्तीवरच्या बाईचा निरोप दुसऱ्या वस्तीवरच्या तिच्या आईला, बहिणीला, लेकीला पोचवायचा. बांगड्या भरताना बाईचा हात हातात असतो, बोटं दाबून सैल करावी लागतात, आणि हात सैल झाला की बाईची जीभही सुटते. "कासारनीला हात दिला की पोटातलं बी द्यावं लागतं," असं आई हसून म्हणायची. वडील आम्ही लहान असतानाच गेले, तेव्हापासून मी, माझा धाकटा भाऊ आणि अख्खा संसार त्या पाटीवर चालला.

काही शब्द आईच्या तोंडात यायचेच नाहीत. बांगडी कधी फुटायची नाही, ती वाढायची. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. घरातून निघताना तोंडातून "जाते" गेलं की पाठीत धपाटा बसलाच म्हणून समजा, "येते म्हन, भवाने!" आता तुम्ही म्हणाल, ह्यात काय मोठंसं, सगळ्याच मराठी घरांत असं बोलतात. बोलतात ना. पण वाईट बातमी रोज दुसऱ्याच्या दारात नेऊन पोचवायचं काम किती जणांच्या घरात होतं?

कारण मयताचा सांगावाही लोक तिच्याकडंच द्यायचे. आणि अमकी मेली असं तिनं जन्मात कुणाला सांगितलं नाही. कुणाची आई गेली असली तरी ती म्हणायची, "बाई, तुझ्या आईला जरा बरं न्हाई." आणि कुणाची आई नुसती तापानं पडली असली तरी तेच, "बाई, तुझ्या आईला जरा बरं न्हाई." शब्दात तसूभर फरक नाही. मग ऐकणारीला कळायचं कसं? पाण्यावरून. साधं दुखणं असलं तर आई पाटी खाली ठेवायची, ओट्यावर बसायची, पुढं केलेला पाण्याचा तांब्या घटाघटा प्यायची आणि मग सांगायची. माणूस गेलं असलं तर ती बसायची नाही. दारातच उभी राहायची, आणि तांब्या पुढं आला की हातानं हळूच बाजूला सारायची. मयताच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि मयताचा निरोप नेणाऱ्यानं जिथं निरोप द्यायचा त्या घरचंही नाही, ही आमच्याकडची रीत. तांब्या सारला की बाई काय ते समजायची आणि पायात चपला घालायची.

मी तिला एकदा विचारलं होतं, सरळ सांगायला काय होतं गं तुला? तेव्हा ती म्हणाली, "आख्खं सांगितलं तर मानूस दारातच कोसळतं. मग त्याला न्यायचं कसं? आपन अर्धं सांगावं. ऱ्हायलेलं अर्धं वाट सांगती." तेव्हा मला ते पटलं होतं. अजूनही पटतं, म्हणूनच तर राग येतो.

माझं लग्न पाथर्डीला झालं. पाटपाण्यातली पोरगी कोरड्या माळावर आली, पण सासर आमच्याच धंद्यातलं, बाजारात बांगड्यांचं दुकान, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती. नागपंचमीला आणि दिवाळीला भाऊ न्यायला यायचा. निघताना दर वेळी आई एकच गोष्ट बोलायची. "मी पडले की ये बरं का. पोरगा खांदा देईल, पन शेवटचं पानी मला तुझ्या हातचं पायजे." मी चिडवायची, "म्हातारे, तू कुठली मरतीस, यमालाच बांगड्या भरून परत धाडशील." ती हसायची. पण मी हो म्हटल्याशिवाय एस.टी.त चढू द्यायची नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. आमच्या ह्यांनी धडपड करून दुकानाच्या एका बाजूला काचेची खोली केली, वर पिवळी पाटी लावली आणि एस.टी.डी.चा बूथ टाकला. काय रुबाब! आत फोन, भिंतीवर लाल आकड्यांचा मीटर, बाहेर बाकडं. पाथर्डीकडची निम्मी गावं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, मागं म्हातारी माणसं राहतात. बाजाराच्या दिवशी ती सगळी आमच्या बाकड्यावर. कारखान्याकडून लेकाचा फोन येणार म्हणून सकाळपासून येऊन बसलेली. फोन आला की एवढ्या मोठ्यानं ओरडायची की वाटावं फोनची गरजच काय, आवाज असाच पोचेल. एका म्हातारीच्या फोनवर लेकाऐवजी व्याही बोलायला आला, तर तिनं चटकन पदर पुढं ओढला आणि उभी राहून नुसती मान हलवू लागली. तिकडून व्याही "हॅलो, हॅलो" करून थकला. आम्ही हसून हसून बेजार. तेव्हा हसायलाच येत होतं सगळ्याचं.

धंद्याला सुरुवातीला बरकत आली, ते नाकारत नाही. पूर्वी बांगड्यांचा व्यापारी स्वतः यायचा, गादीवर बसायचा, चहा घ्यायचा, मालाच्या पेट्या उघडून उजेडात धरायचा. आता ह्यांनी फोनवरच माल मागवायला सुरुवात केली. लग्नाच्या चुड्याचा हिरवा सांगितला की पोपटी यायचा. पोपटी नको म्हणून सांगितलं की काळपट यायचा. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण फोनवर काकणही दिसत नाही आणि हातही दिसत नाही. तो व्यापारी पुढं कधीच आला नाही. तो जिवंत आहे का नाही तेही आम्हाला कळलं नाही, माल मात्र येत राहिला.

आणि तिकडं आईचा धंदा बसला. वस्त्यांजवळच्या किराणा दुकानांत फोन आले. निरोप आता फोनवरून यायचे, वाण्याचं पोरगं बांधावर उभं राहून हाक मारायचं. आई पाटी घेऊन जायची तेव्हा बायका म्हणायच्या, "परवाच तालुक्याला गेल्ते, तिथंच भरल्या." बायका इतकी वर्षं बांगड्यांसाठी थांबत नव्हत्याच मुळी, हे आईला तेव्हा कळलं. पाटी माळ्यावर गेली. भाऊ कारखान्यात लागला होता, पोटाला कमी नव्हतं, पण ज्या बाईला रोज चार दारांत बस म्हणणारं कोणी होतं, ती ओसरीवर एकटी बसून राहायला लागली. तिचा खोकलाही तेव्हाच सुरू झाला.

मला ओढ लागायची. पंचमी आली, भाऊ न्यायला येतो म्हणाला, तर आमचे हे म्हणाले, "कशाला येतोस एवढ्या लांब? फोन आहे की! आईला म्हणावं रोज बोल." फोन आहे की! ह्या तीन शब्दांनी माझं माहेर तोडलं. बूथ सोडून जायचं तर बघणार कोण, बाजाराचा दिवस कसा बुडवायचा, आणि बोलतेस ना आईशी, मग झालं तर. पंचमी गेली, दिवाळी गेली. ज्या फोननं लोकांच्या लेकी जवळ आणल्या असं हे चार लोकांत सांगायचे, त्याच फोननं मला घरात डांबून ठेवलं, हे कोणाला सांगू?

आणि बोलणं तरी काय व्हायचं! घराशेजारच्या वाण्याचा नंबर लावायचा, आईला बोलवा म्हणायचं, ठेवायचा, थोड्या वेळानं परत लावायचा. आई धापा टाकत यायची.

"आई, खोकला कसा आहे?"

"बरं हाय."

"औषध घेतेस ना?"

"बरं हाय."

"काय झालंय, अशी का बोलतेस?"

"बरं हाय गं माय. तुझं कसं हाय?"

एवढ्यात बाहेरून काचेवर टकटक. गिऱ्हाईक उभं असायचं, आणि हे मीटरकडं बोट दाखवायचे. समोर असती तर मी तिचा हात हातात घेतला असता आणि नाडी न बघताही मला कळलं असतं. फोनवर मला फक्त "बरं हाय" मिळायचं, तेही वाण्याच्या दुकानातल्या गलक्यासकट.

एकदाच ती पाथर्डीला आली. भाऊ सोडून परत गेला होता. तिनं बूथ सगळा न्याहाळला, बाकड्यावर बसून राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याचं बोलणं ऐकत. एक माणूस घाईघाईनं आत आला, नंबर लावला आणि म्हणाला, "हां, नाना सिरियस आहेत, निघा." ठेवून दिला. बाहेर आला आणि डोळे पुसायला लागला. आईनं मला विचारलं, "शिरेस मंजी गं काय?"

मी म्हटलं, "इंग्रजीत बरं नाही."

"मंजी मेलंय का जित्तंय?"

"फोनवर सिरियस म्हणजे गेलंच समजायचं, आई. मेलं असं कोणी फोनवर म्हणतं का?"

तिला ते एकदम पटलं. तिचीच तर रीत होती ती. पण मग थोड्या वेळानं म्हणाली, "आन खरंच शिरेस आसलं तर काय म्हनायचं?"

बाकड्यावरची सगळी हसली. आमचे हे तर म्हणाले, "सासूबाईंना वकील करायला पाहिजे होतं." तीही हसली, पदर तोंडाला लावून.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो फोन आला. सकाळची वेळ, मी मागं स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बूथमध्ये हे होते. भाऊ बोलला ते एवढंच, नंतर त्यानंच मला सांगितलं: "दाजी, आई सिरियस हाय. ताईला घेऊन निघा, लगेच निघा." आणि लाईन तुटली. त्याला परत लागेना. त्यानं खरं तेच सांगितलं होतं. डॉक्टरांनी जो शब्द वापरला तोच त्यानं उचलला. बिचाऱ्याला काय माहीत की आमच्या काचेच्या खोलीत त्या शब्दाचा केव्हाच मुडदा पडलाय.

ह्यांनी परत लावून एका शब्दानं काही विचारलं नाही. कसं विचारणार? जिवंत आहेत का, हा प्रश्न आमच्यात कोणी कोणाला विचारत नाही, जीभ झडेल. सासूबाई गेल्या असं त्यांनी धरलं आणि जावयाचं कर्तव्य म्हणून लागलीच फोन फिरवायला घेतला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! राहुरीला माझ्या मावशीच्या शेजाऱ्यांकडं, नगरला थोरल्या दिरांकडं, शेवगावला चुलतसासऱ्यांकडं, आणखी कुणाकुणाकडं. सगळीकडं तेच: "सिरियस आहेत, निघा." आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी पुढं आपापल्या लोकांना तेच सांगितलं. माझी आई हे काम करायची तेव्हा एका दिवसात एक वस्ती व्हायची फार तर, आणि तिथं बसायचं की उभं राहायचं ह्याचा विचार ती वाटभर करत जायची. इथं घटकाभरात निम्म्या जिल्ह्याला माझी आई गेल्याचं माहीत झालं होतं. माहीत नव्हतं ते फक्त तिला आणि मला.

आता तर प्रत्येकाच्या खिशात बूथ आहे. भाचे-पुतण्यांनी मलाही एका ग्रुपात घातलंय. कोणाच्या तरी नावापुढं कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकतं आणि मग त्याच्याखाली नुसती रांग, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. मागं एकदा असंच झालं आणि संध्याकाळी तो माणूस दळण आणायला निघालेला सगळ्यांना दिसला. पोरं हसली, त्यानंही हसून घेतलं. मी फोन गादीखाली सरकवून ठेवला आणि दोन दिवस काढला नाही. पोरांना वाटलं म्हातारीला रुसायला कारण लागत नाही.

तर त्या दिवशी. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या आईला जरा बरं न्हाई. आपल्याला जायाचंय. दोन घास खाऊन घे."

दोन घास खाऊन घे! मी सांगावे नेणाऱ्या बाईची लेक, मला हे कळणार नाही? ज्या घरी चूल पेटणार नसते तिथं नेताना माणसाला असं खाऊ घालतात. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, त्यांनी नजर वळवली. हंबरडा फोडला मी. सासूबाईंनी मला जवळ घेतलं. त्यांच्या मायेत खोट नव्हती, ते मी आजही म्हणते.

रडून झाल्यावर मी उठले, साडी बदलली, म्हटलं चला. तर जीप सांगितली होती पण शेवगावची माणसं यायची होती, सगळे मिळून एकाच गाडीतून जाणार. मी म्हटलं, मी एस.टी.नं पुढं होते. हे म्हणाले, "वेडी आहेस का? आता घाई कशाची? तू गेल्याशिवाय उचलणार नाहीत." बरोबरच होतं त्यांचं. लेकीसाठी थांबतातच. मी दाराशी बसून राहिले. दुकान वाढवलं होतं, पण बूथचं शटर अर्धं उघडं होतं, कारण फोनवर फोन येत होते. कसं झालं, कधी झालं, केव्हा नेणार. हे प्रत्येकाला सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांच्या बोलण्यात गेल्या महिन्यातल्या खोकल्यापासून सकाळच्या शेवटच्या घटकेपर्यंत सगळी हकीकत तयार झाली. कोणी पाहिलं होतं? पण ऐकताना मलाही ते सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं.

आणि तिकडं वाण्याच्या दुकानात माझा भाऊ आमचा नंबर फिरवत उभा होता. आई सारखी विचारतीय, ताई निघाली का, हे सांगायला. एंगेज. परत लावायचा, परत एंगेज. आमची लाईन आईच्या मरणाच्या बातमीनं भरून वाहत होती, त्यात आईला जागाच नव्हती.

शेवगावची मंडळी उशिरा आली. जीप निघाली. करंजीचा घाट उतरलो, नगर गेलं, राहुरीकडचा ऊस दिसायला लागला. आई म्हणायची ना, अर्धं वाट सांगते. मला वाटेनं काहीच सांगितलं नाही. मी सगळं ऐकून निघाले होते. डोळे मिटून बसले होते आणि एकच मनात, शेवटचं पाणी राहिलं. तिनं एवढंच मागितलं होतं जन्मभर आणि मी पंचमीला गेले नाही, दिवाळीला गेले नाही, आता तोंडात पाणी घालायलाही उशीर झाला. फोन आहे की, फोन आहे की, असं त्या जीपचं चाक म्हणत होतं.

उन्हं कलली तेव्हा पोचलो. गल्लीच्या तोंडालाच मी टाहो फोडला, रीतच आहे. दारात माणसं जमलेली. पण ती माझ्याकडं बघून बाजूला झाली नाहीत, नुसती बघत राहिली. मग भावजय पळत आली, माझे दोन्ही खांदे धरले, तोंडावरून हात फिरवला, दंड चाचपले. "वन्सं, तुमी हाय न्हवं? बऱ्या हाय न्हवं?" असं काहीतरी बरळत होती. मला वाटलं रडून रडून तिचं डोकं फिरलं. मी तिला ढकलून आत गेले.

आई भिंतीकडं तोंड करून निजली होती. मी हात हातात घेतला. हात ऊन होता.

ऊन होता हो! सकाळी गेलेल्या माणसाचा हात संध्याकाळी ऊन राहतो का? मी भावाकडं पाहिलं. तो म्हणाला, "ताई, आत्ताच गं. तुमच्या म्होरं घटकाभर." आणि तो खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. आमचे हे दारात उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. नगरला एका चहासाठी थांबलो नसतो तरी... जाऊ द्या. त्यांनी पुढं बूथ विकला, पण तो ह्या कारणासाठी विकला असं ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

बाकीचं भावजयीनं मला दिवसपाणी उरकल्यावर सांगितलं. सांगू नको म्हणून भावानं तिला बजावलं होतं. पण तिला ते पोटात ठेववेना, आणि तिनं अर्धं नाही, आख्खं सांगितलं.

आई दिवसभर शुद्धीत होती. दवाखान्यात न्यायचं म्हणाले तर नको म्हणाली, आधी लेकीला बोलवा. सकाळपासून पाणी पुढं केलं की म्हणायची, थांब, ती आल्यावर. डोळे दाराकडं. आणि भर दुपारी, सगळ्यांच्या आधी, राहुरीहून मावशी आली, चार बायका घेऊन. गल्लीच्या तोंडापासून गळा काढून. आईनं आतून ते ऐकलं. भावजयीला विचारलं, "कोन गेलं गं?"

एवढ्यात मावशी दारात. "माझी बाय गं, मला टाकून कशी गेलीस गं," म्हणत पाऊल आत टाकलं, आणि समोर बघते तर तिची बहीण अंथरुणावरून तिच्याकडं बघतीय. मावशीचा आवाज तिथंच बसला. उंबऱ्यातच उभी राहिली ती, ना आत, ना बाहेर.

"कोन गेलं?" आईनं परत विचारलं.

तूच, असं कसं सांगायचं? आईनं एकेकाकडं पाहिलं. लेक होता, सून होती, बहीण समोर उभी. मग म्हणाली, "माझी पोर कुठंय? निरोप धाडलाय सकाळधरनं. तिचा कसा पत्त्या न्हाई?"

तेव्हा त्या माउलीला वाटलं, काहीतरी बोलावं. म्हाताऱ्या जिवाला धीर द्यावा. मावशी म्हणाली, "येईल गं अक्का. तिला जरा बरं न्हाई."

आणि नेमकी त्याच वेळी भावजय, पाव्हणं दारात आलं म्हणून, सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली. मावशी मयताला आली होती. डोळ्यांना बहीण जिवंत दिसत होती, पण हाताला ते अजून कळलं नव्हतं. तिनं तांब्या हळूच बाजूला सारला.

आईनं ते पाहिलं.

भावजयीनं पाय धरले तिचे. "आत्या, वन्सं बऱ्या हायेत, शपथ घालते, वाटंला हायेत." भाऊ परत वाण्याकडं पळाला, म्हटलं ताईचा आवाजच ऐकवतो, फोन आत आणता येतो का बघतो. एंगेज. आईनं कोणाचं काही ऐकलं नाही. जन्मभर तिनंच असं दुसऱ्यांच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, तिला कोण फसवणार? ती एवढंच म्हणाली, "माझ्या आधी गेली." आणि भिंतीकडं वळली.

नंतर भावजयीनं चमच्यानं पाणी ओठाला लावलं. आईनं ते हातानं बाजूला सारलं. मयताच्या घरचं पाणी ती पीत नसे.